अवघड पाच फूट

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस एकदा नीट बघा. आधी तो लांब उभा राहून चाल बघतो. मग जवळ येऊन जबडा उघडतो: दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. खूर उचलून बघतो, खांद्यावर गाठ आहे का ते चाचपतो, मागं जाऊन पाय टाकण्याची रीत बघतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरेस्तोवर दुपार कलते. तोच माणूस सोमवारी तण काढायचा वीडर घ्यायला दुकानात जातो आणि एकच प्रश्न विचारतो, "किती एचपीचा आहे?"

लहान इंजिनं दुरुस्त करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, ग्रास कटर आणि आता सगळ्यात जास्त म्हणजे वीडर. शेडमध्ये येणाऱ्या वीडरपैकी कितीतरी यंत्रांत मुळात बिघाड नसतो. यंत्र ठीक असतं, ते चुकीच्या रानात गेलेलं असतं. अशा यंत्राला मी प्लग बदलून देतो, केबल ताणून देतो. पण महिन्याभरात ते परत येणार हे मला आणि मालकालाही माहीत असतं.

हे नीट शब्दांत सांगता आलं ते भाच्याच्या फोनमुळे. तो अमेरिकेत मिनेसोटात असतो. नवं घर घेतलं, आणि रस्त्यापासून गॅरेजपर्यंत लांबलचक वाट, तीन गाड्या शेजारी-शेजारी लागतील एवढी रुंद. "मामा, बर्फ काढायचं पेट्रोलचं मशीन घ्यायचंय. दोन फूट रुंदीचं घेऊ की अडीच फुटाचं? इंजिन केवढं?" मी बर्फ हातात धरलेला नाही. पण त्यानं व्हिडिओवर यंत्र दाखवलं, तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. पुढं आडवा फिरणारा मळसूत्री रोटर, तो बर्फ खरवडून मध्ये आणतो. मागं जोरानं फिरणारा पंखा, तो धुराड्यातून बर्फ लांब फेकतो. रोटर आणि पंखा अशी दोन कामं वेगळी केलेली असतात म्हणून त्याला तिकडं दोन टप्प्यांचं यंत्र म्हणतात. एकाच टप्प्याच्या लहान यंत्रात रोटरच उचलतो आणि तोच फेकतो. पुढं वाचताना कळलं की कॅनडातल्या क्यूबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये असं यंत्र बनवलं, आणि त्यांना ते सुचलं शेतातलं मळणीयंत्र बघून. म्हणजे बर्फाच्या यंत्राचं मूळ खळ्यात आहे.

मी भाच्याला विचारलं, "तुझ्या वाटेवर बर्फ काढायला सगळ्यात जड कुठं जातं?" तो म्हणाला, पडलेला ताजा बर्फ हलका असतो, तो कसाही निघतो. खरा त्रास वाटेच्या तोंडाशी. नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करत जातो आणि सगळा बर्फ कडेला, म्हणजे घरवाल्याच्या वाटेच्या तोंडावर ढकलून जातो. तो दाबलेला, ओला, रस्त्यावरच्या मिठानं अर्धवट विरघळून पुन्हा गोठलेला असतो. चार-पाच फुटांचा बांधच तो. सकाळी कामावर जायचं तर आधी तो फोडायचा.

"मग ते पाच फूट धरून यंत्र घे," मी म्हणालो. "बाकीची वाट कुठलंही यंत्र काढेल." त्यानं दोन टप्प्यांचं घेतलं, २६ इंच रुंदीचं. त्याहून रुंद यंत्र त्याच इंजिनावर घेतलं असतं तर मोकळ्या वाटेवर दोन फेऱ्या वाचल्या असत्या आणि त्या पाच फुटांत इंजिन दबलं असतं. रुंदी वाढवली की प्रत्येक इंचाच्या वाट्याला येणारी ताकद कमी होते. हे बर्फाला लागू आहे आणि काळ्या मातीलाही.

आपल्याकडे ते पाच फूट प्रत्येकाच्या रानात वेगळे असतात. आमच्या श्रीगोंदा तालुक्यात लिंबोणीच्या बागा फार. लिंबोणी सहा मीटरवर लावलेली असते, त्यामुळे मधल्या पट्ट्यात जागा भरपूर दिसते आणि माणूस रुंद, जड यंत्राला भुलतो. मधला पट्टा छोटा ट्रॅक्टरही करतो. अवघड जागा झाडाखाली आहे. काटेरी फांद्या कमरेपर्यंत आलेल्या असतात, खाली ठिबकच्या नळ्या, आणि लिंबोणीची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. तिथं यंत्र उंचीला बुटकं हवं, हँडल बाजूला वळणारं हवं, म्हणजे माणूस फांदीबाहेरून चालेल आणि यंत्र फांदीखालून. रोटरच्या बाहेरच्या पात्यांच्या जोड्या काढून रुंदी कमी करता यायला हवी. आणि खोली दोन-तीन इंचांपलीकडे जाऊ नये, यासाठी मागचा खुंटा पक्का धरणारा हवा.

हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिला वीडर घेतला तेव्हा मृगाच्या पावसानंतर घरच्या बागेत थेट बुंध्याला लागून खोल चालवला. रान स्वच्छ, काळंभोर दिसलं, वडील खूश झाले. पुढच्या पावसाळ्यात ओळीतल्या सात झाडांच्या बुंध्यातून डिंक वाहायला लागला. पात्यांनी साल सोलली होती, मुळं तुटली होती, आणि जखमेतून डिंक्या शिरला होता. त्यातली चार झाडं गेली. आजही मी बुंध्यापासून दोन-अडीच फूट सोडून यंत्र चालवा असं सांगतो, तेव्हा ती चार झाडं डोळ्यांसमोर असतात.

हरळी आणि लव्हाळा असलेल्या रानाची गोष्ट वेगळी. वीडरची पाती एल आकाराची असतात. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर हॉवर्ड यांनी शंभर वर्षांपूर्वी हा आकार शोधला, कारण सरळ पाती माती बाजूला उडवत होती. एल पातं माती कापून उलटतं आणि भुसभुशीत करतं. पण हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी ते कापून रानभर पसरवतं. ओल असताना फिरवलं की एका काशीच्या दहा होतात. मालक येऊन सांगतो, "मिस्तरी, मशीन भंगार आहे, पंधरा दिवसांत गवत दुप्पट." मशीनचा यात दोष नाही. हरळीचं रान उन्हाळ्यात, जमीन सुकलेली असताना काढायचं, काशा वर आणायच्या, उन्हात वाळवायच्या आणि वेचायच्या. त्या कामाला वीडरपेक्षा नांगर बरा. हे दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आता इंजिनाचं. एचपीच्या आकड्यावर मी कधीच यंत्र निवडत नाही. होंडाच्या १६३ सीसीच्या जीएक्स १६० इंजिनाला पूर्वी साडेपाच एचपी म्हणत; आता मिनिटाला ३६०० फेऱ्यांना ४.८ म्हणतात. इंजिन दुबळं झालेलं नाही, मोजायची रीत बदलली. अमेरिकेत तर गवत कापणाऱ्या यंत्रांवरचे एचपीचे आकडे फुगवलेले आहेत म्हणून ग्राहक कोर्टात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली आणि तिकडं बऱ्याच लहान इंजिनांवर एचपीऐवजी सीसी आणि टॉर्क छापायला लागले. भाच्याच्या यंत्रावर म्हणूनच एचपी लिहिलेलं नाही. आपल्याकडे एकाच २१२ सीसीच्या इंजिनावर एका दुकानात सात आणि दुसऱ्या दुकानात साडेसात लिहिलेलं मी पाहतो. सीसी विचारा. सिलिंडर रबरासारखा ताणता येत नाही.

पेट्रोल की डिझेल हा प्रश्न रोजचा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतं, इंधन कमी खातं आणि घट्ट काळ्या रानात दिवसभर काम असेल तर तेच घ्यावं. पण ते जड असतं, थरथर फार असते, आणि टोकाला वळवताना ते वजन माणसाच्या खांद्यावर येतं. वीडर कोण धरणार, हा माझा पहिला प्रश्न असतो. घेणारा तिशीतला असतो आणि चालवणारे वडील साठीचे असतात. कितीतरी घरांत मुलगा पुण्याला नोकरीला आणि वीडर आईच्या हातात असतो. बाजारात बैल घेताना घरात त्याला कोण बांधणार-सोडणार याचा विचार होतोच. मारका बैल कोणी बाईमाणसाच्या गळ्यात घालत नाही. यंत्रालाही तोच न्याय लावा.

चालवणारा वयस्क असेल तर माझा कौल बॅक रोटरीला. सेंटर रोटरीत चाकांच्या जागीच पाती असतात. पातीच यंत्र पुढं ओढतात आणि मागचा खुंटा त्याला अडवतो. रान वाफशावर असेल तर छान चालतं. कडक रानात पाती मातीत शिरत नाहीत, यंत्र उड्या मारत पळतं आणि माणूस मागं फरफटतो. बॅक रोटरीत वजन चाकांवर असतं, रोटर मागं, चाल संथ. किंमत जास्त पडते, वळायला जागा जास्त लागते. तरीही साठीच्या माणसाच्या हातात मी तेच देईन. रिव्हर्स टाकल्यावर रोटर आपोआप बंद होतो का, क्लचची मूठ सोडली की पाती थांबतात का, एवढं स्वतः करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मागं येणारं यंत्र बांधाला टेकलेल्या माणसाच्या पायावर चढतं. माझ्याकडे पाती बदलायला आलेल्या दोन यंत्रांची अशी हकीकत मी ऐकली आहे आणि दोन्ही माणसं आज लंगडत चालतात.

आणि अडकलेलं काही काढायचं तर आधी इंजिन बंद, प्लगची कॅप ओढलेली, मगच हात. ठिबकची नळी रोटरला गुंडाळली की माणूस घाईनं हात घालतो. भाच्यालाही हेच बजावलं: ओला बर्फ धुराड्यात अडकला की हातानं काढायचा नाही. इंजिन बंद असलं तरी पंख्यावर ताण राहिलेला असू शकतो; अडकलेलं निघालं की तो झटका देतो. काठीनंच काढायचं.

सुट्या भागांबद्दल एकच सांगतो. इंजिनापायी वीडर सहसा पडून राहत नाही. होंडाच्या ढाच्याच्या इंजिनांचे पिस्टन, रिंग, कार्बोरेटर सगळीकडे मिळतात आणि एकमेकांना बसतातही. यंत्र अडतं ते गिअर बॉक्समुळे. तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. म्हणून दुकानदाराला इंजिनाची वॉरंटी विचारण्याआधी गिअर बॉक्सचं ऑईल सील आणि रोटरचा शाफ्ट आत्ता कपाटातून काढून दाखवायला सांगा. दिसलं तर घ्या. अनुदानावर घेत असाल तर तपासणीचा अहवाल असलेलं मॉडेल लागतंच. तो अहवाल मागून वाचा. त्यात वजन, कामाची खोली आणि तासाला लागणारं इंधन लिहिलेलं असतं.

पेट्रोलचं एक नवं दुखणं आलं आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं आहे, कारखान्याला आणि पर्यायानं आपल्याला त्याचे पैसे मिळतात, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. काम संपल्यावर वीडर टाकी भरलेली तशीच गोठ्यात चार महिने उभा केला की कार्बोरेटरची बारीक भोकं चिकटून बंद होतात. मृगाच्या तोंडावर माझ्या शेडपुढं जी रांग लागते, त्यातली निम्मी यंत्रं याच कारणानं आलेली असतात. यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करा, कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. भाच्याचं यंत्र उन्हाळाभर उभं असतं, तोही हेच करतो.

या पाडव्याला पुष्कळ घरांत नवा वीडर येईल, हळद-कुंकू लागेल, नारळ फुटेल. त्याआधी एक करा. दुकानदाराला यंत्र टेम्पोत घालून तुमच्या रानात आणायला लावा, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात नाही, तर तुमच्या सगळ्यात अवघड जागी चालवायला सांगा; चालवणाऱ्या माणसाच्याच हातात मूठ द्या. यंत्र पसंत पडलं, घरी आलं, की दोरी ओढण्यापूर्वी ऑईलची काठी काढून बघा. नवी इंजिनं बहुतेक वेळा कारखान्यातून ऑईल न भरताच येतात, आणि कोरडं इंजिन चालू केलं तर ते पहिल्याच दिवशी जॅम होतं.