ऑर्डर असेल तर बोला

‘अनोळखी नंबर उचलायचाच नाही’ असा सल्ला मला देणारी बहुतेक माणसं पगारदार असतात. माझा नवरा त्यातलाच. त्याच्या फोनमध्ये साहेब, दोन मित्र, बहीण आणि गॅसवाला एवढे नंबर सेव्ह आहेत आणि बाकीच्या जगाशी त्याचं काही अडत नाही. माझं नेमकं उलटं आहे. मी डोंबिवलीत घरून पुरणपोळ्या करून विकते. दिवाळीला फराळ, पाडव्याला श्रीखंड, श्रावणात उपासाचं. माझं नवं गिऱ्हाईक म्हणजे अनोळखी नंबरच. सेव्ह केलेले नंबर नातेवाइकांचे आहेत, आणि नातेवाईक पैसे देत नाहीत.

धंदा ओळखीपाळखीत होता तोवर फोन माणसात होता. मग एका ग्राहकपेठेत स्टॉल मिळत होता, पण आयोजकांनी अन्न नोंदणीचा कागद मागितला. घरगुती धंद्याला तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला १०० रुपये. ऑनलाइन फॉर्म भरायचा मला कंटाळा, म्हणून स्टेशनाजवळच्या एका एजंटाकडून भरून घेतला. त्याने फॉर्म भरताना विचारलं, ‘धंद्याचं नाव काय टाकू?’ नाव असं काही नव्हतंच. तिथल्या तिथे, खुर्चीवर बसल्याबसल्या एक नाव सुचलं ते मी सांगितलं. घरी कुणाला बोलायचीही आठवण राहिली नाही.

त्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला. तिने त्याच नावाने विचारलं, ‘मॅडम, आप वहीं से बोल रही हैं ना?’ जे नाव माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं. आनंद झाला क्षणभर, खोटं कशाला बोलू. वाटलं, आलं पहिलं मोठं गिऱ्हाईक. तिला बिनतारण कर्ज द्यायचं होतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते सुरूच आहे. कर्ज, विमा, दुकानात ठेवायचं पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारं यंत्र, वेबसाइट, डबे सील करायचं मशीन, कर्जतच्या पुढे एन. ए. प्लॉट. आठ दिवसांच्या नोंदणीचं नूतनीकरण करून देतो म्हणणारेही दोघे भेटले. नाव आणि नंबर नक्की कुठून फुटला हे मला आजही सांगता येणार नाही. मधे एजंट होता, त्याचा संगणक होता, त्याच्याकडे येऊनजाऊन असलेली दोन पोरं होती. एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, ‘ताई, आजकाल सगळं ऑनलाइन आहे.’ या वाक्याने तो कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देतो असं पुढे लक्षात आलं.

नंबर बदल, असंही सुचवलं गेलं. पण पाकीटबंद माल विकायचा तर तक्रारीसाठी कुणाशी बोलायचं त्याचं नाव, पत्ता, फोन हे सगळं पाकिटावर छापावं लागतं, वजनमापाचा कायदाच तसा आहे. म्हणजे एक कायदा माझा नंबर डब्याडब्यावर छापायला लावतो आणि दुसरा कायदा म्हणतो, या बाईला नको असेल तर कुणी जाहिरातीचा फोन करायचा नाही. दोन्ही बरोबरच आहेत. गिऱ्हाइकाच्या पोळीत खडा निघाला तर त्याने बोलायचं कुणाशी? आणि तो नंबर आता कुणाच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे, कुणाच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहिलेला आहे. तो बदलून मी काय करू?

सगळ्यात जास्त फोन कधी येतात, तर होळीच्या आधी. मला आधी हा नशिबाचा भाग वाटायचा. होळीच्या आदल्या दिवशीचं माझं स्वयंपाकघर बघायला हवं. रात्रीच डाळ शिजवून पुरण वाटून ठेवलेलं असतं, सकाळी कणीक तेल लावून तिंबायची. मदतीच्या बाई उंडे भरून देतात, मी लाटते आणि भाजते. एका हाताला तांदळाची पिठी, दुसऱ्याला तेल. पोळी तव्यावर टाकल्यापासून उलटेपर्यंतचा वेळ फार थोडा असतो, आणि एकदा उलटली की ती फुगते तेव्हा तिथे उभं राहावं लागतं. फोन ओट्याच्या कडेला, वाटीला टेकवून. वाजला की करंगळीच्या पेराने हिरवं बटण सरकवायचं, त्याच पेराने स्पीकर दाबायचा. स्क्रीनवर पुरणाचा ठिपका पडला की फोन स्पर्श ओळखत नाही, मग नाकाने. हसू नका, नाकाने फोन घेता येतो.

‘हॅलो, बोला.’

पलीकडे शांतता.

‘हॅलो? किती पोळ्या?’

मग कुठेतरी टक्क असा आवाज, आणि एकदम बाजार भरल्यासारखा गलका. ‘गुड मॉर्निंग मॅडम, मैं आपके प्री-अप्रूव्ड लोन के बारे में…’

तेवढ्यात तव्यावरच्या पोळीला काळा डाग पडलेला असतो. ती पोळी विकता येत नाही. घरात खाल्ली जाते, त्यामुळे होळीच्या आसपास आमच्या घरी सगळ्यांनी मनसोक्त पोळ्या खाल्ल्या की समजावं, यंदा कर्ज देणाऱ्यांचा धंदा जोरात आहे.

आता करायचं ते सगळं मी केलं. १९०९ हा नंबर मोबाइलवाल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावा असा आहे. त्यावर ‘स्टार्ट ०’ असा मेसेज इंग्रजीत पाठवला की जाहिरातीच्या सगळ्या वर्गांना मनाई होते. बँक-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य असे त्यांनी वर्ग पाडलेले आहेत, आणि हवा तो एखादा चालूही ठेवता येतो. हा ‘डू नॉट कॉल’चा, म्हणजे लोक ज्याला डीएनडी म्हणतात तो, प्रकार आपल्याकडे २००७ पासून आहे. सुरुवातीला तो किती पाळला जायचा ते यावरून कळावं, की २०१० साली तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी बैठकीत बसलेले असताना त्यांनाच कर्ज हवंय का म्हणून फोन आला होता. देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्याकडे, त्याला कर्ज! तेव्हा पेपरात हे वाचून आम्ही हसलो होतो. पण त्या फोनने काम केलं. दूरसंचार खात्यात धावपळ झाली आणि पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, नवे नियम लागू झाले. नोंदणीकृत कंपन्यांनी जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच करायचे, म्हणजे वाजता वाजताच घेणाऱ्याला कळेल.

माझ्या बाबतीत १४० वाले खरोखर थांबले. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, कारण ‘डीएनडीचा काही उपयोग नाही’ असं लोक सरसकट म्हणतात. उपयोग आहे. जो कायद्याने फोन करतो तो कायद्याने थांबतो. उरतात ते साध्या दहा आकडी मोबाइलवरून करणारे. त्यांची कुठे नोंद नाही, त्यामुळे माझी मनाईची नोंद ते बघतच नाहीत. आणि माझ्यासारखीला त्यांचाच त्रास, कारण १४० मला ओट्यापलीकडूनही ओळखता येतो. दहा आकडी नंबर गिऱ्हाइकाचा की कर्जवाल्याचा, हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

अशांची तक्रारही १९०९ लाच करायची. कुणाचा फोन, कधी आला, कशाबद्दल होता. पूर्वी ही तक्रार तीन दिवसांत करावी लागायची. होळीच्या गर्दीत तीन दिवस कुठे गेले कळत नाही, हात धुऊन बसेपर्यंत मुदत संपलेली असायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम बदलले आणि सात दिवस दिले. हा बदल ज्याने कुणी सुचवला त्याच्या घरी सणाला राबणारी बाई असली पाहिजे. आणखीही बदललं. पूर्वी एका नंबरावर सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई व्हायची, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्या खेपेला त्याचं आउटगोइंग १५ दिवस बंद, पुन्हा सापडला तर वर्षभरासाठी जोडणीच तोडायची. कागदावर हे कडक आहे. पण पाच म्हणजे माझ्याखेरीज आणखी चौघांनी त्याच दिवसांत, त्याच नंबराविरुद्ध मेसेज करायला हवा. आणि आपण सगळे काय करतो, तर एक शिवी हासडून फोन ठेवतो आणि कामाला लागतो. मी ज्या ज्या नंबरांची तक्रार केली त्यातल्या काहींना ताकीद दिल्याचं मला कळवण्यात आलं. ज्याला ताकीद मिळाली त्याचा आवाज मी पुन्हा दुसऱ्या नंबरावर ऐकला. ‘कर्ज’चा उच्चार ‘कर्जा’ असा करणारा होता, चुकणं शक्य नाही.

या सगळ्याचं खरं ज्ञान मला आमच्याच इमारतीत मिळालं. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते, मूळची लातूरकडची. ठाण्याला एका कंपनीत टेलिकॉलर आहे. ती पोळ्या न्यायला आली तेव्हा मी नेमका असाच एक फोन आपटला होता. ती स्टुलावर बसली आणि शांतपणे म्हणाली, ‘काकू, तुम्ही त्याला काय म्हणालात?’ मी म्हटलं, ‘आत्ता कामात आहे, नंतर करा.’ ती हसायलाच लागली.

मग तिने सांगितलं. नंबर ती लावत नाही, संगणक लावतो. एकदम अनेक नंबर फिरवत राहतो, जो उचलेल तो मोकळ्या मुलीच्या कानात सोडतो. सुरुवातीची ती शांतता आणि टक्क म्हणजे हेच. फोन संपला की तिला पडद्यावर एक शेरा निवडावा लागतो. उचलला नाही तर ‘आरएनआर’, म्हणजे वाजला पण उत्तर नाही, तो नंबर पुन्हा रांगेत. ‘नको’ म्हटलं तर ‘नॉट इंटरेस्टेड’. आणि ‘नंतर करा’ म्हटलं की ‘कॉलबॅक’. कॉलबॅक म्हणजे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. संध्याकाळी टीम लीडर विचारतो, आज कॉलबॅक किती?

‘तुम्ही नाही म्हणत नाही ना काकू, म्हणून येतात,’ ती म्हणाली. आपल्याकडे दारावर आलेल्याला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. ‘बघू’, ‘सांगते’, ‘यांना विचारते’. चाळीत, वाड्यात वाढलेल्या माणसाची नाही म्हणायची हीच रीत, आणि समोरच्याला ती कळते. संगणकाला ती कळत नाही. तो ‘बघू’ची तारीख टाकून ठेवतो.

मी तिला होळीचंही विचारलं. ती म्हणाली, ‘काकू, मार्च एंड असतो ना.’ एवढंच. वर्षाचं टार्गेट पुरं करायची घाई आणि पुरणपोळ्यांची घाई, दोन्ही एकाच महिन्यात येतात. नशिबाचा वगैरे काही संबंध नव्हता. तिचे त्या महिन्यात दिवसाला दोनशेच्या वर फोन होतात, जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं कापतात, आणि तिला माझ्यासारख्या बायका जे बोलतात ते तिने मला ऐकवलं नाही. नंबर कुठून येतात, हे तिलाही माहीत नव्हतं. ‘सिस्टीममध्ये असतात,’ म्हणाली. तिच्या कंपनीत सगळं १४० वरून, रीतसर चालतं, हेही तिने आवर्जून सांगितलं. मी विश्वास ठेवला. तिच्याकडून पोळ्यांचे पैसे घ्यायला मन झालं नाही, पण तिने ठेवून दिले.

तेव्हापासून मी फोन उचलला की ‘ऑर्डर असेल तर बोला’ म्हणते. नसेल तर ‘नको, पुन्हा फोन करू नका,’ हे स्पष्ट, मराठीत, न रागावता. मराठीचा एक फायदा झाला. निम्मे जण तिथेच गडबडतात. काही मात्र खुशीत येऊन मराठीत सुरू होतात, मग पंचाईत. त्या टक्क आवाजावरून फोन कापायचा प्रयोगही करून बघितला. पण माझी जुनी गिऱ्हाइकं सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांनाही फोन कानाला लावून ‘हॅलो’ म्हणायला तेवढाच वेळ लागतो. तो प्रयोग बंद केला.

फोन कमी झालेत, थांबलेले नाहीत. फॉर्म, पावत्या, लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या, कुठल्याही दुकानात ‘मॅडम, मोबाइल नंबर?’ या सगळ्यासाठी मी आता एक वेगळं सिम घेतलंय. ते जुन्या फोनमध्ये कपाटात असतं आणि दिवसभर एकटंच कुरकुरत राहतं. मागच्या महिन्यात नवीन लेबलं छापायला टाकली तेव्हा प्रिंटिंगवाल्या मुलाने पर्याय सुचवला, लेबलावरही तोच दुसरा नंबर टाका, म्हणजे मुख्य नंबर बाहेर जाणारच नाही. हुशार मुलगा. पण मग गिऱ्हाइकांचे फोन कपाटात वाजणार. मी म्हटलं, जुनाच ठेव, आणि जरा मोठ्या टायपात घे, लोकांना चष्म्याशिवाय दिसत नाही.