मागच्या रांगेतील चेहरे

स्नेहसंमेलनाची छायाचित्रे काढण्याचे काम माजी विद्यार्थी या नात्याने आम्हा दोघांकडे काही वर्षांपासून आहे. कॅमेरा एकाचा, फ्लॅश दुसऱ्याचा; दोन्ही जुने. एवढ्यावर आपले भागते, असा आमचा समज होता. तो दूर केला एका आईने. ऊसतोडीहून परतलेल्या त्या माउली स्मरणिका मांडीवर घेऊन सभागृहाच्या छायाचित्रातील एकेका चेहऱ्यावर बोट ठेवीत आपल्या मुलाला शोधीत होत्या. मुलगा शेजारीच उभा होता. त्याने मागच्या काळोखाकडे बोट दाखवले, "आई, ह्यो मीच." त्यांनी पान डोळ्यांजवळ नेले आणि काही न बोलता मिटले. त्या घरी मुलाचे दुसरे छायाचित्र नव्हते, हे आम्हांला नंतर कळले.

फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पहिली रांग कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर, शेवटची १२ मीटरवर. म्हणजे पुढच्यांना मिळतो त्याचा केवळ सोळावा हिस्सा मागच्यांच्या वाट्याला. त्यामुळे पाचवीची मुले पांढरीफटक आणि दहावीची मुले नाहीशी. फ्लॅश छताकडे वळवून प्रकाश पसरवावा, तर आपल्या सभागृहाला पत्रे, तेही काळवंडलेले.

फ्लॅशच्या जोडीला सतत जळणारा दिवा हवा, असे ठरवून पुढच्या वर्षी आम्ही लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून हजार वॉटचे दोन हॅलोजन आणले. दोन्ही मिळून जवळजवळ ९ अँपिअर. भिंतीवरचे सॉकेट ५ अँपिअरचे. फ्यूज उडाला आणि स्वयंपाकघरही अंधारात गेले. मावशी दारात येऊन ओरडल्या, "पोरांनो, तुमचे फोटो ऱ्हाऊ द्या, पिठल्यात मीठ किती पडलं त्ये दिसंना!" शिवाय हॅलोजनचा उजेड पिवळा, सुमारे ३२०० केल्विनचा, आणि फ्लॅशचा साधारण ५५०० चा. जी दोन छायाचित्रे मिळाली, त्यांत एकाच मुलाचा अर्धा चेहरा नारिंगी होता.

मग स्वस्त म्हणून अंगणात लावतात तसले एलईडी दिवे पाहिले. "उजेड तो उजेड, साहेब," दुकानदारांनी समजावले. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरताच पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले. दिवा डोळ्यांना न दिसेल इतक्या वेगाने लुकलुकत होता. त्याखाली तळहात धरला, तर तो आजाऱ्याचा वाटला. ही दोन परीक्षा विनामूल्य आहेत आणि वॉटचा आकडा वाचण्यापूर्वी प्रत्येकाने त्या करून पाहाव्यात. वॉट वीज किती जळते ते सांगतो. माणसाच्या त्वचेचा रंग खरा दिसेल की नाही, ते सांगत नाही. त्यासाठी खोक्यावर सीआरआयचा आकडा शोधावा. ९५ किंवा त्याहून अधिक असेल, तर उत्तम.

दुसरा फ्लॅशच घ्यावा, हा पर्याय होताच, आणि निव्वळ ताकदीच्या हिशेबात तो सरस ठरला असता. पण फ्लॅशची सावली कोठे पडेल, हे आधी दिसत नाही, आणि त्याने नाटकाचे चित्रीकरणही होत नाही. वसतिगृहाच्या सरांनी नेमके तेच विचारले होते, "संमेलनानंतर त्या वस्तूचा उपयोग काय?"

अखेर ४० वॉटचे, ५६०० केल्विनचे दोन एलईडी पॅनेल घेतले. दोन्हींचे मिळून साडेसहा हजार, तेही माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून. पहिल्या रात्री ते कॅमेऱ्याशेजारी उभे केले आणि आमची पूर्ण निराशा झाली. मागची रांग होती तशीच काळी. दिवा कोठेही पेटवा, अंतराचा हिशेब सुटत नाही, एवढी साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो! मग ते उचलून मागच्या खांबांपाशी नेले, बांबूला बांधले, पुढे धुतलेले पांढरे धोतर ताणले आणि तोंडे शेवटच्या रांगांकडे वळवली. मुलांपासून अंतर जेमतेम ३ मीटर. तेच दिवे एकदम श्रीमंत वाटू लागले.

बाकी जुळवाजुळव कॅमेऱ्याची. आयएसओ १६००, शटर १/५०. ५० हर्ट्‌झच्या विजेवर या वेगाला पट्टे येत नाहीत. ट्यूबलाइट बंद. फ्लॅशवर बटर पेपर लावून त्याची शक्ती १/३२ वर आणली, म्हणजे पुढची मुले मागच्यांपेक्षा उजळ होत नाहीत. लेझीम मात्र आजही पूर्णपणे फ्लॅशच्याच भरवशावर टिपतो. उडालेला पाय १/५० ला थांबत नाही.

तो मुलगा दहावी होऊन गेला. जुन्या फाइलमधला त्याचा चेहरा आम्ही संगणकावर पुष्कळ उजळून पाहिला. ठिपक्यांपलीकडे काही निघाले नाही. या अंकातील सभागृहाचे छायाचित्र नव्या रीतीने घेतले आहे. शेवटच्या रांगेत डावीकडून चौथा मुलगा हलल्यामुळे किंचित पुसट आला आहे, पण त्याच्या आईला तो ओळखू येईल.