सतरा इंच

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला जमिनीवर बसता येत नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, पाटही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा पहिल्यांदा आठवल्या त्या मी बांधलेल्या पडव्या. रत्नागिरी, लांजा, राजापूर, संगमेश्वर या पट्ट्यात मी आयुष्यभर घरं बांधली, आणि ती सगळी एकाच गृहीतकावर उभी आहेत: पाहुणा खाली बसतो, खाली जेवतो, खाली झोपतो.

आमच्याकडे येणारी मागणी ठरलेली असते. बारमाही राहणारी माणसं दोन, फार तर तीन. गणपतीला वीस-बावीस. शिमग्याला त्याच्या निम्मी. मे महिन्यात पोरंटोरं येऊन-जाऊन. पैसे मात्र दोघांच्या घरापुरतेच. वीस जणांचं घर बांधलं तर वर्षभर खोल्यांना कुलपं आणि कुलपांआड वाळवी. दोघांपुरतं बांधलं तर चतुर्थीच्या रात्री थोरला भाऊ अंगणातल्या गाडीत झोपतो आणि ते पुढची दहा वर्षं ऐकवतो. सहाशे-सातशे चौरस फुटांत या दोन्ही गोष्टी बसवायच्या, हा आमचा धंदा.

यावर जुन्या घरांचं उत्तर होतं नऊ फुटांची पडवी. भिंतीला डोकं करून आडवा झोपलेला माणूस सव्वासहा फूट घेतो. रात्री उठणाऱ्याला त्याच्या पायथ्याशी जायला पावणेतीन फूट उरतात. समोरासमोर दोन पंगती बसवल्या तर माणूस आणि पान मिळून एका बाजूला सव्वातीन फूट, दुसऱ्या बाजूला तेवढेच, आणि मधे वाढपी फिरायला अडीच. पुन्हा नऊच. वीस फूट लांबीच्या पडवीत वीस पानं उठतात आणि रात्री दहा अंथरुणं पडतात. आठ फूट केले की वाढपी अडतो, दहा केले की डोक्याला लागेल इतकं छप्पर खाली उतरतं. हे गणित मी अनेक वर्षं छातीठोकपणे सांगत आले. चतुर्थीला मुद्दाम कुणा ना कुणा गिऱ्हाइकाकडे मुक्काम करायचे. कारण सांगायचे, घर वापरात कसं चालतं ते बघायचंय. खरं कारण वेगळं होतं. आरतीनंतर कुणीतरी म्हणायचं, ‘काय जागा काढली बाईंनी! बघता बघता पंचवीस माणसं निजली.’ ते ऐकायला जायचे.

येणाऱ्या चाकरमान्यांचंही या पडव्यांशी जमायचं. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात आख्खं कुटुंब आणि वर गावाकडचा एखादा मुक्कामी माणूस राहायचा, तो खोलीच्या जोरावर नव्हे. बाहेरच्या लांबलचक पॅसेजच्या जोरावर. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला पडवीत चटई टाकून दिली की तो खूश. पण तोच माणूस आता सत्तरीला टेकलाय. डोंबिवलीला, विरारला पलंगावर झोपतो, कमोडवर बसतो. चतुर्थीला गाडीतून उतरताना दाराला धरून उतरतो. वीस पाहुण्यांत सात-आठ जण आज असे आहेत. मी नकाशात माणसं मोजत होते, त्यांचे गुडघे मोजत नव्हते; स्वतःचा गुडघा गेला तेव्हा ते दिसलं.

मग लोक करतात काय? प्लास्टिकच्या खुर्च्या आणतात. पंगतीत एक खुर्ची ठेवून बघा. तिच्यावर बसलेलं माणूस त्या क्षणी पाहुणं राहत नाही, पेशंट होतं. सगळ्यांच्या डोक्यांच्या वर एकटंच. पान मांडीवर, वाढपी बिचकलेला, शेजारची जाऊ मान वर करून बोलणार. माझ्या ओळखीच्या एक काकू या खुर्चीपायी पंगतीला येणंच टाळायला लागल्या. ‘मी मागाहून स्वयंपाकघरात घेईन गं,’ म्हणायच्या. मागाहून जेवणारा पाहुणा म्हणजे घर बांधणाऱ्याचा पराभव, असं मला वाटतं.

म्हणून गेली काही वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे लागले आहे: ओटी आणि पडवी यांच्या मधल्या कडेच्या. पडवी खाली, ओटी वर, ही आपली जुनीच रचना. ओटीच्या काठावर पाय सोडून बसायचं हेही जुनंच. पण जुन्या घरांत हा चढ असेल तसा असायचा: कुठे एक हात, कुठे वीतभर, जोत्याला चिरे किती लागले त्यावर. मी तो सतरा इंचांवर आणून बांधला. सतरा इंचांवर टेकलं की तळवा खाली सपाट बसतो आणि हाताने रेटा न देता उठता येतं. आणि या काठाला वेगळी जागा लागत नाही. बाक नाही, सोफा नाही, नऊ फुटांतला एक इंचही तो खात नाही. पंगतीची एक ओळ बाहेरच्या बाजूला खाली बसते, दुसरी ओटीच्या काठावर, समोर चौरंग घेऊन. वाढप्याला एका बाजूला वाकायचं, दुसऱ्या बाजूला ताठ उभं राहून वाढायचं, एवढीच कसरत. महत्त्वाचं म्हणजे काठावर म्हातारी बसतात तशी पोरंही बसतात, नवे जावईही बसतात. गुडघा कुणाचा दुखतोय ते कळत नाही.

आता अडचण. सतरा इंच माझ्या गुडघ्याला बरोबर. पण ज्या काकूंसाठी हे चाललंय त्या चार फूट दहा इंच उंच. त्यांचे पाय लोंबकळतात, मांडीखाली काठ रुततो. पंधरा इंच केला तर त्या सुखी, पण त्यांचे सहाफुटी दीर उठताना खांब शोधतात. एक काठ किती उंचीचा करायचा? यावर मी कागदच्या कागद वाया घालवले. उत्तर शेवटी पागोळ्यांनी दिलं. पडवीत झडीचं पाणी येतंच. ते काढायला फरशीला उतार लागतो. गवंडी तो बाहेर खळ्याकडे देतो, रुंदीत. मी तो लांबीत दिला. काठ वरून पाणसळीत, अगदी सरळ. खालची जमीन मात्र वीस फुटांत तीन इंच उतरत गेलेली, म्हणजे ऐंशीला एक. या टोकाला काठ पंधरा इंच, त्या टोकाला अठरा. मधे कुठेतरी सतरा. कुणाला काही सांगावं लागत नाही. दोन दिवसांत प्रत्येक जण आपापल्या उंचीच्या जागी बसायला लागतो आणि तीच त्याची जागा होते. मिस्त्री म्हणाले होते, ‘मॅडम, ही लादी वाकडी दिसंल.’ दिसत नाही. या युक्तीचा मला इतका अभिमान आहे की भेटेल त्याला सांगते, आणि तुम्हालाही सांगून टाकली.

फुकट मात्र काही मिळत नाही. ऐंशीला एक उतार डोळ्याला दिसत नसला तरी कढीला दिसतो. केळीच्या पानावर वाढलेली कढी सगळ्यांची एकाच दिशेला निघते. एका घरी आता पंगतीला द्रोण सक्तीचे झालेत.

आणि खरी खोच रात्रीची. जो काठ दिवसा म्हाताऱ्या माणसाला बसवतो, तोच रात्री त्याला पाडतो. दोनला जाग येते, दिवा लावला तर दहा जण जागे होतील म्हणून माणूस अंधारात चाचपडत निघतो, आणि पुढे सतरा इंचांची पोकळी. मधे दोन पायऱ्या आहेत, पण झोपेतल्या माणसाला त्या नेमक्या जागी सापडतील याचा भरवसा काय? तांबड्या कोब्याचा काठ अंधारात काळा होतो. म्हणून मिस्त्रींनी काठाच्या कडेने पांढऱ्या फुटक्या टाइल्सच्या कपच्यांचा बोटभर पट्टा बसवला. कड अंगठ्याएवढी गोल घासली, तिला पट्टा चिकटून; देवापाशी समई असते तिच्या उजेडातही तो दिसतो. दिसतो, पण कधीपर्यंत? ओटीवर पोरं झोपतात. पोरं लोळतात. सतरा इंचांवरून लोळून पडू नयेत म्हणून त्यांच्या आया काठाला लोड आणि उशा लावून ठेवतात. म्हणजे रात्री जो पट्टा दिसायला हवा तो नेमका रात्रीच झाकलेला. हे मला आजतागायत सुटलेलं नाही. लोड लावू नका, असं कोणत्या तोंडाने सांगू?

म्हाताऱ्यांना काठ उतरावाच लागू नये म्हणून न्हाणीघर-संडास ओटीच्या पातळीवर घेते. तिथे देवघर आडवं येतं. संडासाची भिंत देवघराला लागून नको, हे कुणीही ऐकवणारच, आणि सहाशे फुटांच्या घरात प्रत्येक भिंत कशाला तरी लागूनच असते. मग अडीच फुटांचा बोळ काढायचा. बोळ काढला की बाई म्हणते, फणसाचे तळलेले गरे ठेवायला कोठीची खोलीच गेली. सेप्टिक टँकचं तर विचारूच नका. पाच माणसांची टाकी बांधून पाच दिवस वीस माणसं वापरली आणि भाद्रपदात जमीन आधीच पाण्याने तुडुंब, की काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

माझ्याकडे काम करणारी मुलगी नव्या शिक्षणाची आहे. ती म्हणते, मॅडम, ओटी-पडवी एका पातळीत घ्या आणि बाहेरच्या कडेला बसायला बाक बांधा. व्हीलचेअर आली तर? बाराला एक या हिशेबाने तुमच्या सतरा इंचांना सतरा फूट रॅम्प लागेल. पुस्तकाप्रमाणे तिचं बरोबर आहे. पण बाहेरचा बाक दीड फूट खातो, नऊचे साडेसात होतात, आणि झोपलेल्यांच्या पायथ्याची वाट मरते. शिवाय तो बाक जून ते सप्टेंबर ओला. आमचं भांडण सुरू आहे. ती काठाला स्टीलचा कठडा लावा म्हणते तेव्हा मी चिडते. कठड्याने सुरक्षित होईल, मान्य. पण ओटीची ती लांब आडवी ओळ तुटते, आणि ती ओळ माझी आहे. घरच्या बाथरूममध्ये मी तसलाच स्टीलचा दांडा धरून उठते, तरी गिऱ्हाइकाच्या ओटीवर तो येऊ देत नाही. तडजोड म्हणून पायरीपाशी एक सागवानी खांब उभा करते. छपराला त्याची गरज नसते. हात आपोआप तिथे जातो, आणि लोक म्हणतात, काय सुरेख खांब. म्हातारपण लपवायची माझी ही हौस आहे, दुसरं काही नाही.

हल्ली गावात होणारी नवी घरं बघवत नाहीत. इंटरनेटवरून उचललेला ‘थ्री बीएचके’ नकाशा, चकचकीत टाइल्स, आणि पडवीला सरकत्या काचा लावून तिचा झालेला ‘हॉल’. मध्यभागी सोफा. सोफ्यावर तिघे बसतात आणि बारा जणांची जागा जाते. पाहुण्यांसाठी ‘अटॅच्ड’ गेस्टरूम असते, ती थोरल्या जावयाला मिळते, आणि बाकीचे अठरा जण ती कुणाला मिळाली ते लक्षात ठेवतात. दुसरीकडे आमच्यातलेच काही नामांकित आर्किटेक्ट. जांभ्याच्या भिंती, पितळी उरुळीत फुलं, झोपाळा, आणि रिकाम्या पडवीचा संध्याकाळचा फोटो. फोटोत माणूस नाही. तसे फोटो मीही काढून घेतलेत, आणि कपड्यांची दोरी आधी सोडवून ठेवलीय. भाद्रपदात वीस माणसांचे ओले कपडे कुठे वाळणार, हे मात्र त्या नकाशांत शोधून सापडत नाही.

याउलट आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी. २०१८ साली वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरिबांना आख्खं घर न देता जोतं, संडास-पाण्याची सोय आणि पुढे ओट्याला जागा दिली. बाकीचं लोकांनी आपल्या ऐपतीने बांधलं. पैसे कमी असताना त्यांनी ओट्याची जागा कापली नाही, यात मला सगळं येतं. आमच्याकडे बजेट घसरलं की पहिली कात्री पडवीलाच लागते.

तेव्हा गावाकडे घर बांधायचं असेल तर एवढं करा. आर्किटेक्टकडे जाताना किती खोल्या हव्यात हे ठरवून जाऊ नका. गणपतीला कोण कोण येतं त्याची यादी न्या, प्रत्येक नावापुढे वय लिहा, आणि ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्या नावावर खूण करा. यादीतल्या सगळ्यांत ठेंगण्या आणि सगळ्यांत उंच माणसाची बसायची उंचीही मोजून घ्या. आणि लोडाखाली झाकला न जाणारा पट्टा कुणाला सुचला, तर मला जरूर कळवा.