तळहातातली थरथर

द्रुतगती मार्गावर वेग नव्वदला पोचला की स्टिअरिंग थरथरायचं. सत्तरला पुन्हा शांत. थरथर ठरावीक वेगातच येते म्हणजे बहुधा चाकाचं बॅलन्सिंग, मेकॅनिक म्हणाला. ब्रेक लावतानाच हादरे बसत असते तर त्याने आधी डिस्क पाहिल्या असत्या. पुढचं चाक मशीनवर फिरलं: ३० ग्रॅमचा फरक. नव्वदच्या वेगात चाक सेकंदाला तेराएक फेरे घेतं, आणि वेग दुप्पट झाला की तेवढ्याच ग्रॅमचा धक्का चौपट होतो. इतक्या थोड्या वजनाने माझ्या मनातला भरवसा कसा हलवला, याचंच नवल वाटत राहिलं. आपण रस्ता डोळ्यांनी पाहतो, पण विश्वास तळहातांनी ठेवतो. बॅलन्सिंगनंतर थरथर गेली. डावीकडची किंचित ओढ उरलीय. रस्त्याच्या उताराची की अलाइनमेंटची, ते अजून बघायचंय.