मोगली, नारुतो आणि माझा भाचा

मधल्या सुट्टीत कोणाशीच न बोलणारा एखादा मुलगा तुमच्या वर्गात आहे का? असेल, तर ही हकिगत त्याचीच आहे असे समजा.

आमचे गाव शिरूर अनंतपाळ, लातूर जिल्ह्यातले. दोन वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण भिवंडीहून इथे राहायला आली. मेहुण्यांचे यंत्रमागावरचे काम सुटले होते. भाचा तेरा वर्षांचा. नव्या शाळेतली मुले त्याच्या मुंबईकडच्या बोलण्याला हसत. हळूहळू त्याने बोलणेच सोडले. शाळेतून आला की तो खोलीचे दार लावून घेई आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर जपानी चित्रमालिका पाही. या मालिकांना 'ॲनिमे' म्हणतात. जेवायला हाक मारली, तर "भूक नाही" एवढेच उत्तर येई.

मी पडलो शिक्षक. उपदेशाची सवय! "अभ्यास बुडेल, डोळे बिघडतील," असे म्हणून एके दिवशी मी त्याचा मोबाइल काढून घेतला. तो रडला नाही, भांडला नाही. भिंतीकडे तोंड करून दोन दिवस पडून राहिला. बहीण काळजीत पडली. मीही मनातून घाबरलो.

त्या रात्री मला माझे लहानपण आठवले. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागत असे. तीही जपानमध्येच तयार झालेली होती, हे मला फार उशिरा कळले. आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता. वीस-पंचवीस मुले जमिनीवर दाटीवाटीने बसत. एक जण छतावर चढून अँटेना फिरवी आणि खालून सगळे ओरडत, "आलं, आलं!" मालिका संपली की आम्ही लिंबाच्या झाडाखाली मोगली-मोगली खेळत असू. म्हणजे हे वेड मलाही होतेच. फरक एवढाच, की माझ्या शेजारी कोणीतरी बसलेले असे. त्याच्या शेजारी कोणी नव्हते.

सकाळी मी मोबाइल परत दिला आणि त्याच्याजवळ बसलो.

"कसली गोष्ट आहे ही? मलाही सांग."

त्याने संशयाने माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "मामू, हा नारुतो. याला आईवडील नाहीत. गावातले लोक याला जवळ येऊ देत नाहीत. हा झोपाळ्यावर एकटाच बसतो."

"मग?"

"मग याचे एक सर असतात, इरुका. ते याला समजून घेतात. बरोबर जेवायला नेतात."

मी काहीच बोलू शकलो नाही. मीही 'सर'च होतो. पण मी त्याला समजून घेण्याऐवजी त्याचा एकुलता एक सोबती हिरावून घेतला होता.

महिनोन्‌महिने घराबाहेर न पडणाऱ्या माणसांना जपानमध्ये 'हिकिकोमोरी' म्हणतात. २०२३ साली तिथल्या सरकारने त्यांची संख्या सुमारे १४ लाख ६० हजार असल्याचा अंदाज जाहीर केला. दार बंद करून बसलेल्या प्रत्येकाला मोबाइलनेच बिघडवले, असे आपण चटकन म्हणतो. पण माझ्या भाच्याच्या बाबतीत एकटेपण आधी आले होते, मोबाइल नंतर.

त्या संध्याकाळी मी त्याला घरणी नदीकडे फिरायला नेले. शेजारच्या एका मुलालाही बरोबर घेतले. पहिले काही दिवस दोघेही गप्पच चालत. एक दिवस त्या मुलाने विचारले, "नारुतोचं पुढे काय झालं?" आणि भाचा जो बोलू लागला, तो घर येईपर्यंत थांबला नाही!

आजही तो ॲनिमे पाहतो. पण आता आमच्या ओट्यावर चार मुले त्याच्याकडून गोष्ट ऐकायला जमतात.

मित्रांनो, उद्या मधल्या सुट्टीत त्या गप्प मुलाशेजारी जाऊन बसा. "तुला काय आवडतं?" एवढेच विचारा. आणि तो मुलगा तुम्ही स्वतःच असाल, तर आपले दार थोडेसे उघडे ठेवा. कोणीतरी नक्की येईल.