थांब ना बे, येऊन राहिलो!

रोज डोळ्यांसमोर येणारं, तरी कुणीच नीट न पाहिलेलं चित्र कोणतं? कॉम्प्युटर सुरू होतानाचं! तेवढ्यात आपण चहा आणतो, नाहीतर मोबाईल बघतो.

2002 साली आम्हाला मात्र ते बघावंच लागायचं. होस्टेलच्या आमच्या मजल्यावर एकच असेंबल्ड कॉम्प्युटर, विंडोज 98 वाला. गोंदियात तेव्हा लोडशेडिंग जोरात. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद. आली की आधी स्कॅनडिस्क, मग तेच ते ढगांचं चित्र. वैताग नुसता!

अशात एका सीनियरने गंमत सांगितली. सुरू होताना विंडोज 98 सी ड्राईव्हमध्ये, सगळ्या फोल्डरच्या बाहेर, 'लोगो.सिस' नावाची फाईल शोधतं. सापडली तर ती दाखवतं, नाहीतर स्वतःजवळचं चित्र. आणि ही फाईल म्हणजे नाव बदललेलं साधं बिटमॅप! रुंदी 320, उंची 400 पिक्सेल, रंग 256. बिघडलं तर फाईल डिलीट करा, जुनं चित्र हजर.

आम्ही पेंटमध्ये सारस काढला. आपल्या धानाच्या बांध्यांत दिसणारा, गोंदियाची शान असलेला सारस. पेंटमध्ये तो महिनाभर मेस न मिळाल्यासारखा हडकुळा दिसायचा. पण मॉनिटरवर चित्र आडवं ताणलं जायचं आणि गडी एकदम धष्टपुष्ट! खाली माऊसने लिहिलं, "थांब ना बे, येऊन राहिलो!" बंद करतानाचं चित्र 'लोगोडब्ल्यू.सिस' या फाईलमध्ये असायचं. तिथे लिहिलं, "जेवून घे, मेस बंद होते!"

माझा रूममेट सालेकशाकडचा, मराठी माध्यमाचा. गणितात आमचा बाप, पण कॉम्प्युटरला हात लावायला घाबरायचा. पडद्यावर इंग्रजी वाक्य आलं की मागे सरायचा. सारस पाहून तो हसला, आणि म्हणाला, "हे तर आपल्याच बोलीत बोलून राहिलं!" त्याच रात्री तो पहिल्यांदा कीबोर्डवर बसला. पुढे मजल्यावरचे सगळे कॉम्प्युटरचे प्रॉब्लेम त्याच्याकडेच जाऊ लागले. यंत्र तेच होतं, फक्त ते परकं राहिलं नव्हतं.

मग एक्सपी आलं. त्यात सुरुवातीचं चित्र थेट कर्नलच्या फाईलमध्ये, तेही 16 रंगांत. तिथे चूक झाली तर मशीन उठतच नसे. आज लॅपटॉप उघडला की कंपनीचा लोगो दिसतो आणि त्याला सहसा हात लावता येत नाही. याला कारणही आहे. 2023 मध्ये 'लोगोफेल' नावाच्या त्रुटी उघड झाल्या. मुद्दाम बिघडवलेलं लोगोचं चित्र वापरून, ऑपरेटिंग सिस्टीम सुरू व्हायच्या आधीच घातक कोड चालवता येतो, असं संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे कुलूप उगाच नाही.

पण कुलूप आहे म्हणून आत काय चाललंय हे विचारणंच सोडायचं का? आपण इंजिनिअर होणार ना! लिनक्समध्ये 'प्लायमाउथ' आजही हे चित्र बदलू देतं. लॅबच्या मशीनला हात लावू नका (सर रागावतील!), स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन टाका आणि तिथे खुशाल प्रयोग करा. आणि हो, त्यावर दोन शब्द आपल्या बोलीतले लिहा. शेजारच्या खोलीत मागे सरकून बसलेला कुणीतरी पुढे येईल.