दाजी, हेलिकॉप्टर कधी येणार?

माण तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस मिल्ट्रीत. नौदलात गेलेला मी पहिलाच. सुट्टीवर आलो की पारावर प्रश्न ठरलेला, ‘बोटीवर काय काम करतोस?’ मी सांगायचो, हेलिकॉप्टर धुतो. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, मी काहीतरी लपवतोय.

लपवण्यासारखं काहीच नव्हतं. समुद्रावरून परतलेल्या हेलिकॉप्टरवर मिठाचा पातळ थर बसलेला असतो. हात फिरवला की बोटांना चिकट लागतो. तसाच राहू दिला तर धातू पोखरतो, इंजिनातल्या पात्यांवर साचतो आणि इंजिनाची ताकद उतरते. म्हणून उड्डाण संपलं की यंत्राला गोड्या पाण्याने आंघोळ. इंजिनसुद्धा न पेटवता नुसतं फिरवायचं आणि त्याच्या तोंडात गोडं पाणी सोडायचं. त्याच दिवसांत गावाला टँकर यायचा आणि आई दोन हंड्यांसाठी रांगेत उभी असायची. मी कोचीत हातात पाइप धरून काय करतो, हे तिला कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने नोकरी सोडायला लावली असती.

ओडिशातल्या चिल्काला नौसैनिकाचं प्रशिक्षण झालं, मग कोचीला विमानांच्या देखभालीचं. तिथून सी किंग हेलिकॉप्टरांच्या स्क्वाड्रनमध्ये. आकडा ३३०, नाव हार्पून्स. १७ एप्रिल १९७१ रोजी कोचीच्या आयएनएस गरुड या हवाई तळावर ती उभी राहिली. इंग्लंडच्या वेस्टलँड कंपनीने बनवलेलं हे यंत्र मुळात माणसं वाचवण्यासाठी घेतलेलं नाही, ते घेतलं पाणबुड्या मारण्यासाठी. त्याच वर्षी ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आमच्या वेळचे जुने चीफ त्या रात्रीचा विषय निघाला की चहाचा कप खाली ठेवत आणि बाहेर निघून जात.

पाणबुडी शोधायची पद्धत अशी. हेलिकॉप्टर पाण्यापासून चाळीस-पन्नास फुटांवर येऊन थांबतं आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं पोटातून केबलला लावलेलं सोनार समुद्रात सोडतं. ऐकतं, उचलतं, पुढे जाऊन पुन्हा सोडतं. ऐकायला सोपं वाटतं. अमावास्येच्या रात्री खाली काळं पाणी, वर काळं आभाळ आणि वारा एका बाजूने ढकलतोय, अशा वेळी भरल्या वजनाचं साडेनऊ टनांचं धूड एका जागी उभं ठेवायचं म्हणजे पायलटचा घाम निघतो. लोकांना टीव्हीवर दिसतो तो दोरीने वर येणारा माणूस. तो वर येतो या सरावामुळे. बुडत्या जहाजावर विंच सोडताना हेलिकॉप्टर हललं नाही, तर ते वर्षानुवर्षं पाणबुडीमागे अंधारात उभं राहायला शिकलंय म्हणून हललं नाही.

विंचवरून आठवलं. वरून हूक खाली आला की घाबरलेला माणूस आधी त्यालाच धरायला धावतो. ते करायचं नसतं. फिरत्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरवर वीज साठलेली असते. हूक आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्यायचा, वीज उतरू द्यायची, मगच हात लावायचा. आम्ही तळावर सराव करताना नव्या पोराला हे तीनदा सांगायचो, आणि तरी एखादा झटका खायचाच. मग आयुष्यात विसरायचा नाही.

१९९८ साली पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध घातले. सी किंग इंग्लंडमध्ये बनलेलं, पण मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकोर्स्कीचा. सुटे भाग अडकले. एका यंत्राचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला. हँगरात पाती दुमडून उभी असलेली हेलिकॉप्टरं रोज बघायची आणि उडवता मात्र येत नाहीत. माझ्या नोकरीतला सर्वांत वाईट काळ कोणता विचाराल तर युद्धाचं नाव घेणार नाही, हाच सांगेन. तरी जी उभी होती तीसुद्धा आम्ही पुसतच होतो.

पुढे कुलाब्याला आलो. तिथल्या हवाई तळाचं २२ जानेवारी २००९ रोजी आयएनएस शिक्रा असं नामकरण झालं. त्यानंतर लवकरच निवृत्ती घेतली आणि सांगलीत विश्रामबागेत घर केलं. बायकोचं माहेर सांगलीचं, त्यामुळे त्यात माझं मत फारसं विचारलं गेलं नाही.

२७ जुलै २०१९, शनिवार. सकाळी मेव्हण्याचा फोन. रात्री तो मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाला होता. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं होतं आणि गाडी त्यात उभी. हजाराहून जास्त माणसं, त्यांत नऊ गरोदर बायका. मेव्हण्याचा आवाज बसला होता. म्हणाला, ‘‘दाजी, तुमचं हेलिकॉप्टर कधी येणार?’’

मी म्हटलं, ‘‘येईल, पण तुला उचलणार नाही. गाडीतून उतरू नकोस. बोटीची वाट बघ.’’

तो चिडला. त्याला वाटलं, मी अधिकाऱ्यासारखं बोलतोय. पण रुळांवर २५ हजार व्होल्टच्या तारा. वीज बंद केली तरी तार आणि खांब जागच्या जागीच. त्यांच्यावर उभं राहून माणूस उचलायचा म्हणजे पात्यांनाही धोका आणि दोरीलाही. शिक्राहून सी किंग निघालं खरं, त्यात पाणबुडे होते. कुणी प्रवाहात वाहून गेलंच तर त्यांनी उडी घ्यायची, यासाठी ती तयारी होती. नौदलाची पूरपथकं रस्त्याने गेली. माणसं काढली ती मुख्यतः एनडीआरएफच्या रबरी बोटींनी, दुपारपर्यंत सगळी. कल्याणहून मनमाड-दौंडमार्गे सोडलेल्या विशेष गाडीने मेव्हणा सांगलीला आला आणि आल्या आल्या म्हणाला, ‘‘हेलिकॉप्टरात बसायचं राहूनच गेलं.’’

पंधरा दिवस उलटायच्या आत तीच गत सांगलीची. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, सगळं पाण्यात. आमच्या विश्रामबागेत पाणी नव्हतं, म्हणून मी बोटी लागायच्या तिथे जाऊन उभा राहिलो. नौदलाची पथकं आली होती, विशाखापट्टणमहूनसुद्धा. पोरांना मराठी येत नव्हतं, पण नौदलाची हिंदी मला येत होती, तेवढं पुरे झालं. कोणत्या गल्लीत उतार आहे, कुठे दुभाजक पाण्याखाली लपलाय, विजेच्या तारा कुठे खाली आल्यात, हे मी विचारून घ्यायचो आणि त्यांना सांगायचो. एका जेमिनी बोटीचं इंजिन पंख्यात साडी गुंतून बंद पडलं. एका पोराने ते वर उचललं, सुरीने चिंधी चिंधी कापून काढली आणि कपड्याने पंखा पुसूनच पुन्हा पाण्यात सोडलं. पुसायची काही गरज नव्हती. सवय.

तिथेही प्रश्न तोच, गच्चीवरून हाका मारून विचारलेला. आभाळात हेलिकॉप्टरचा आवाज आला की बायका पदर हलवायच्या. मी खालून ओरडून सांगायचो, पत्र्याखाली थांबू नका. सी किंगच्या पात्यांखालचा वारा एकदा अंगावर घेतला की मी असं का ओरडत होतो ते कळतं. जुन्या गावभागात पत्रे, कौलं, केबल, प्लास्टिकच्या टाक्या, सगळं उडेल आणि ज्याला वाचवायला आलो त्याच्याच डोक्यात पडेल. हेलिकॉप्टर लागतं ते जिथे बोट पोहोचत नाही तिथे. गल्लीत बोटच हवी. आणि ती बोट नीट हवी. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि काठाच्या इतक्या जवळ येऊन माणसं गेली.

हेलिकॉप्टरची खरी वेळ मी नंतर घरी बसून टीव्हीवर पाहिली. मे २०२१, तौक्ते वादळ. बॉम्बे हायजवळ पी-३०५ नावाचा बार्ज नांगर तुटून भरकटला, त्यावर २६१ माणसं. वादळात हेलिकॉप्टरला जागच्या जागी बसावं लागलं. आयएनएस कोची आणि कोलकाता या युद्धनौका आधी पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी वारा जरा उतरला तेव्हा हेलिकॉप्टरं निघाली. १८६ जण जिवंत मिळाले. घरचे म्हणाले, आधीच का नाही पाठवली? मी उत्तर दिलं नाही. पाठवलेलं हेलिकॉप्टर परत आलं पाहिजे, हे हँगरात थांबलेल्या माणसाइतकं कुणाला कळत नाही. त्याच वर्षी जुलैच्या पुरात शिक्राहून सी किंग बचावासाठी पोलादपूरकडे गेलं. आमच्या महाबळेश्वरच्या घाटाखालीच ते.

आता सी किंग म्हातारी झाली. तिच्या जागी अमेरिकेची एमएच-६० रोमिओ आलीत. त्यांची पहिली स्क्वाड्रन, ३३४, मार्च २०२४मध्ये कोचीलाच उभी राहिली. गावाकडची भरतीवाली पोरं मला त्यांच्याबद्दल विचारतात आणि मला वीस मिनिटांत गप्प करतात. त्यांनी मोबाइलवर सगळं पाहिलेलं असतं.

पावसाळ्याआधी कृष्णाकाठच्या गावांतून कधीकधी बोलावणं येतं. परवा एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. सभेत एकाने विचारलंच, यंदा हेलिकॉप्टर येणार का? मी म्हटलं, आधी तुमची बोट दाखवा. बोट शाळेच्या मागे, ताडपत्रीखाली. इंजिन गेल्या पावसाळ्यानंतर चालवलेलं नव्हतं, पेट्रोल तसंच टाकीत, जॅकेटं कुणाच्या तरी गोठ्यात. किती माणसं बसवायची ते बोटीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथल्या तिथे रंग मागवला आणि आकडा मोठ्ठा लिहून घेतला. दर शनिवारी दहा मिनिटं इंजिन चालवायचं, आणि ते पाण्याच्या पिंपात लावून, कोरडं नाही, एवढं ठरलं. मग इंजिन कुणाच्या घरी ठेवायचं यावरून सरपंच आणि उपसरपंचांची जुंपली. ते मिटेपर्यंत मला तिथेच जेवावं लागलं.